फ्रॉग, पॉपर आणि पेन्सिलसाठी कोणती फिशिंग लाइन घ्यायची? मरळ पकडणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

यूट्यूबवर व्हिडिओ बघून ऑनलाइन रॉड-रील मागवणारी पोरं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. रॉड किती फुटांचा, रील कोणत्या साइजची, यावर ग्रुपवर तासन्‌तास चर्चा चालते. लाइन मात्र कार्टमध्ये सगळ्यात शेवटी पडते, तीही 'जी स्वस्त दिसेल ती'. मग पाण्यावर फ्रॉग नीट चालत नाही, मासा लागून सुटतो, आणि दोष बिचाऱ्या रॉडला जातो.

या लेखात आपण फक्त एकच विषय बघणार आहोत: पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायच्या ल्युअरसाठी (फ्रॉग, पॉपर, पेन्सिल, बझबेट) लाइन कशी निवडायची. कारणं पण बघू, म्हणजे उद्या नवीन ब्रँड आला तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

थोडक्यात उत्तर

घाई असेल तर एवढं वाचा:

• जलपर्णी, कमळ, बेशरम, शिंगाड्याच्या वेली अशा दाट ठिकाणी फ्रॉग टाकायचा असेल तर ब्रेडेड लाइन, 40 ते 50 पाउंड. ल्युअर थेट ब्रेडेडला बांधा.
• मोकळ्या पाण्यात पॉपर किंवा पेन्सिल टाकायची असेल तर 20 ते 30 पाउंड ब्रेडेड आणि पुढे हातभर नायलॉनचा लीडर. बजेट कमी असेल तर नुसतं 12 ते 15 पाउंडांचं नायलॉनही चालतं.
• फ्लुरोकार्बन पृष्ठभागावरच्या ल्युअरसाठी मेन लाइन म्हणून घेऊ नका. कितीही 'इनव्हिजिबल' लिहिलेलं असलं तरी.

आता का, ते सविस्तर बघू.

व्हिडिओतला बास आणि आपली मरळ

बहुतेक इंग्रजी व्हिडिओ 'लार्जमाउथ बास' या अमेरिकन माशासाठी बनवलेले असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या धरणांत आपल्याला तो भेटणार नाही. अरुणावती असो, अडाण असो, पूस असो की बेंबळा, पृष्ठभागावरच्या ल्युअरवर तुटून पडणारा आपला मासा म्हणजे मरळ. शेजारच्या तेलंगणात हाच मासा राज्य मासा आहे, तिकडे त्याला कोर्रमीनू म्हणतात.

मरळ आणि बास यांच्यात नातं काही नाही, पण सवयी बऱ्याच जुळतात. दोघंही वेलींच्या आडोशाला दबा धरतात आणि वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालतात. मरळीचं एक जास्तीचं आहे. तिला हवेतला श्वास घ्यायला अधूनमधून वर यावंच लागतं. गाळाचं, कमी ऑक्सिजनचं, वनस्पतींनी भरलेलं पाणी तिला चालतं. त्यामुळे बासचे ल्युअर आपल्याकडे मरळीला छान चालतात, पण जागा मात्र जास्त अडचणीची असते. म्हणून व्हिडिओतला लाइनचा सल्ला जसाच्या तसा उचलला की गडबड होते.

माझी पण झाली होती. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, पहिल्या पगारात रॉड घेतला. एका व्हिडिओत 'माशाला दिसतच नाही' असं ऐकून महागडी फ्लुरोकार्बन लाइन रीलभर भरली आणि दिवाळीत दारव्ह्याला घरी आल्यावर तलावावर गेलो. फ्रॉग नाक खाली घालून चालत होता. मला वाटलं ल्युअर डुप्लिकेट आला. शेजारी तंगूस आणि काडी घेऊन बसलेले काका पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अबे, तुहा दोराच त्या बेडकाचं नाक पाण्यात ओढून राह्यला."

ते बरोबर होते. पुढे तासाभरात मरळ लागली, बेशरमच्या मुळांत शिरली आणि लाइन गाठीपाशी तुटली. दोन हूकवाला फ्रॉग तोंडात घेऊन मासा गेला. पैसे गेले ते गेले, पण तो मासा पुढे जगला असेल का, हा विचार बरेच दिवस डोक्यात होता. लाइनचा अभ्यास मी त्यानंतर सुरू केला.

लाइनचे तीन प्रकार, तीन वेगळी प्लास्टिकं

दुकानात नावं शंभर दिसतील, पण मटेरियल तीनच.

1. नायलॉन मोनोफिलामेंट. आपलं तंगूस. एकच सलग धागा. नायलॉन 1935 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या टीमने बनवलं. घनता साधारण 1.14, म्हणजे पाण्यापेक्षा किंचित जड. ताणलं की चांगलं लांबतं. पाणी शोषतं, त्यामुळे ओलं झाल्यावर ताकद थोडी कमी होते. स्वस्त आणि गाठ बांधायला सोपं.

2. फ्लुरोकार्बन. हाही एकच धागा, पण प्लास्टिक वेगळं: पीव्हीडीएफ. जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये त्याची फिशिंग लाइन आणली. गंमत म्हणजे तुमच्या फोनच्या लिथियम बॅटरीत इलेक्ट्रोडची पावडर धरून ठेवायला हेच पीव्हीडीएफ वापरतात. घनता साधारण 1.78, म्हणजे चक्क बुडणारी लाइन. घासायला कणखर, पण कडक.

3. ब्रेडेड किंवा पीई. अतिशय लांब साखळीच्या पॉलिथिनचे बारीक तंतू विणून केलेली दोरी. याच जातीच्या तंतूंपासून बुलेटप्रूफ जॅकेट बनतात. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्या तंतूंची प्रसिद्ध नावं. घनता साधारण 0.97, म्हणजे पाण्यावर तरंगते. जवळपास ताणत नाही. त्याच जाडीत नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त ताकद.

पाण्याची घनता 1 आहे. हे तीन आकडे, 0.97, 1.14 आणि 1.78, लक्षात ठेवले तर पृष्ठभागावरच्या ल्युअरचं निम्मं काम झालं.

कारण पहिलं: लाइन बुडते की तरंगते?

एक साधा हिशोब करू. समजा तुम्ही 20 मीटर लांब कास्ट केली आणि लाइन 0.40 मिमी जाडीची आहे. या 20 मीटर लाइनचं आकारमान होतं साधारण 2.5 घन सेंमी. आता पाण्यात गेल्यावर तिचा निव्वळ भार किती?

• फ्लुरोकार्बन: 2.5 × 0.78 = साधारण 2 ग्रॅम खाली ओढ
• नायलॉन: 2.5 × 0.14 = साधारण 0.35 ग्रॅम खाली ओढ
• ब्रेडेड: पाण्यापेक्षा हलकी, ओढ शून्य, उलट तरंगते

2 ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण पॉपरचं वजन साधारण 7 ते 12 ग्रॅम असतं आणि लाइन बरोबर त्याच्या नाकाला बांधलेली असते. सगळा भार ल्युअरवर येत नाही, काही रॉडच्या टोकावरही जातो. तरी नाकाला सतत ओढ बसते. शिवाय बुडलेली लाइन ओढली की ती ल्युअरला पुढे नाही, पुढे आणि खाली खेचते. पॉपरने 'पच्च' असा आवाज करत पाणी उडवायचं असतं, तो डुबकी मारतो. पेन्सिलने डावी-उजवी नागमोडी चाल करायची असते, ती सरळ ओढली जाते.

'पण फ्लुरोकार्बन दिसत नाही ना?' हा नेहमीचा प्रश्न. यात तथ्य आहे, पण अर्धंच. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा साधारण 1.53. म्हणजे पाण्यात बुडाल्यावर फ्लुरोकार्बन कमी चमकतं, पूर्ण गायब होत नाही. आणि हा फायदा लाइन पाण्याच्या आत असतानाच मिळतो. आपल्या ल्युअरची लाइन पृष्ठभागावर किंवा वेलींवर पडलेली असते. हिरव्या कचऱ्यात, गढूळ पाण्यात, खालून वर बघणाऱ्या मरळीला आधी बेडकाची हालचाल दिसते. ज्या गुणासाठी जास्त पैसे द्यायचे, तो इथे कामालाच येत नाही.

कारण दुसरं: ताण

नायलॉन तुटेपर्यंत 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त लांबतं. ब्रेडेड 3 ते 5 टक्के. आता समजा 20 मीटरवर मासा आहे आणि तुम्ही जोरात झटका दिला. त्या झटक्यात नायलॉन 10 टक्के लांबलं असं धरलं तर 2 मीटर लाइन नुसती ताणण्यातच गेली. तुमच्या रॉडचा पूर्ण झटका तेवढाच असतो! हूक माशाच्या तोंडापर्यंत पोहोचलाच नाही. ब्रेडेडमध्ये हाच तोटा 40-50 सेंमीचा.

फ्रॉगच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं. फ्रॉगचे दोन जाड हूक रबराच्या अंगाला चिकटून असतात, म्हणून तर तो वेलीत अडकत नाही. पण मासा लागण्यासाठी आधी रबर दबलं पाहिजे आणि मग हूक मरळीच्या कडक जबड्यात घुसला पाहिजे. त्याला ताकद लागते, आणि ती ताकद न ताणणारी लाइनच पोचवते.

पॉपर आणि पेन्सिलचं उलटं आहे. त्यांना बारीक, धारदार ट्रेबल हूक असतात, जे थोड्या ओढीनेही घुसतात. इथे ब्रेडेडने जोरात झटका दिला तर हूक मांस फाडून बाहेर येतो, किंवा माशाने तोंडात नीट घ्यायच्या आधीच आपण ल्युअर हिसकावून घेतो. म्हणून इथे थोडा ताण देणारं नायलॉन उपयोगी पडतं.

कारण तिसरं: वेली आणि दगड

'एक-दोन किलोच्या मरळीला 50 पाउंडांची लाइन कशाला?' असं ग्रुपवर हमखास कुणीतरी विचारतं. 50 पाउंड म्हणजे जवळपास 22 किलो. पण तुम्ही फक्त मासा ओढत नसता. मरळ लागली की सरळ मुळांत घुसते. मग तुम्ही मासा, त्याच्याभोवती गुंडाळलेली चार-पाच किलो जलपर्णी आणि तिच्या मुळांचा चिखल, असं सगळं एकत्र ओढत असता. बारीक ब्रेडेड हिरव्या देठांमधून कापत जाते. जाड नायलॉन देठांवर अडकून बसतं.

ब्रेडेडचा कच्चा दुवा म्हणजे दगड. आपला भाग काळ्या बेसॉल्टचा. धरणाच्या भिंतीला जे पिचिंगचे दगड लावलेले असतात त्यांच्या कडा धारदार असतात. ताणलेली ब्रेडेड अशा कडेवर एकदा घासली की बारीक तंतू पटापट तुटतात. नायलॉन त्या मानाने घासणं जास्त सहन करतं. म्हणून भिंतीवरून मासेमारी करत असाल तर पुढे 0.45 ते 0.50 मिमी नायलॉनचा हातभर लीडर लावाच. वेलींच्या बाजूने, मातीच्या काठावरून फ्रॉग टाकत असाल तर लीडर नको, कारण जोडाची गाठ वेलीत अडकते.

कोणत्या ल्युअरला कोणती लाइन?

पोकळ रबरी फ्रॉग: 40 ते 50 पाउंड ब्रेडेड, थेट. 4 धाग्यांची लाइन थोडी खडबडीत असते आणि देठ चांगले कापते. 8 धाग्यांची गुळगुळीत असते आणि लांब जाते. दाट वेलीसाठी 4 धागे पुरेसे आहेत आणि स्वस्तही.

पॉपर: 20 ते 30 पाउंड ब्रेडेड आणि 40-50 सेंमी नायलॉन लीडर. लीडरचं खरं काम इथे दिसण्या-न दिसण्याचं नाहीच. ब्रेडेड मऊ असते. पॉपर थांबवला की ढिली लाइन पुढे येऊन ट्रेबल हूकमध्ये गुंतते. कडक नायलॉन नाकापासून सरळ उभं राहतं, त्यामुळे गुंता होत नाही.

पेन्सिल: वरचाच सेट. हिची नागमोडी चाल ढिल्या लाइनवर अवलंबून असते. छोटा झटका, लगेच ढील, पुन्हा झटका. तरंगणारी ब्रेडेड इथे सगळ्यात सोपी पडते.

बझबेट: सतत फिरवत ओढायचं ल्युअर. मोकळ्या पाण्यात 15 पाउंडांच्या आसपासचं नायलॉन, वेलींच्या कडेने 30 ते 40 पाउंड ब्रेडेड.

एकच स्पूल घ्यायचा असेल तर? साधा 7 फुटी स्पिनिंग रॉड आणि 3000 साइजची रील असेल तर 30 पाउंड ब्रेडेड घ्या, सोबत जाड नायलॉनची छोटी गुंडी. हलक्या वेलीत थेट, मोकळ्या पाण्यात लीडर लावून. मात्र अगदी दाट जलपर्णीत अशा सेटने टाकू नका. तिथे मासा लागेल, पण बाहेर येणार नाही.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे?

फोन घेताना आपण फक्त मेगापिक्सेल बघत नाही. लाइनमध्येही फक्त पाउंड बघून फसगत होते.

पाउंड. 1 पाउंड म्हणजे 0.45 किलो. 20 पाउंड = 9 किलो, 30 = 13.6 किलो, 40 = 18 किलो, 50 = 22.7 किलो. हा आकडा सरळ, बिनगाठीच्या लाइनचा असतो. गाठ मारली की तो कमी होतो.

पीई नंबर. ही जपानी मापाची पद्धत, जाडीची. पीई 1 म्हणजे साधारण 0.165 मिमी. बाकीच्यांसाठी सूत्र: 0.165 गुणिले नंबरचं वर्गमूळ. म्हणजे पीई 2 ला 0.23, पीई 3 ला 0.29, पीई 4 ला 0.33 मिमी. नंबर चौपट झाला की जाडी दुप्पट होते.

खोटं कसं ओळखायचं? पीई नंबरला 20 ने गुणा. तेवढे पाउंड ही ढोबळमानाने वरची मर्यादा समजा. पीई 2 लिहिलंय आणि 35-40 पाउंड सांगतात, ठीक आहे. पीई 2 लिहून 80 पाउंड सांगत असतील तर एकतर ताकद खोटी किंवा जाडी खोटी. बहुतेक वेळा जाडी खोटी असते, लाइन प्रत्यक्षात जाड निघते आणि रीलवर अर्धीच मावते.

फोन वापरून घरी तपासा

जाडी: पेन्सिलीवर लाइनचे 20 वेढे एकाला एक चिकटवून घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवून वरून फोटो काढा आणि झूम करून रुंदी मोजा. भागिले 20. समजा 20 वेढ्यांची रुंदी 6 मिमी आली, तर जाडी 0.30 मिमी. नायलॉनसाठी हे चांगलं जमतं. ब्रेडेड थोडी चपटी होते, त्यामुळे आकडा अंदाजे येतो, पण 0.23 च्या नावाखाली 0.40 दिली असेल तर लगेच कळतं.

ताकद: प्रवासाच्या बॅगा मोजायचा हँगिंग काटा घ्या. लाइनचा मीटरभर तुकडा काट्याच्या हूकला तुम्ही नेहमी मारता त्या गाठीने बांधा. दुसरं टोक एका दांड्याला 8-10 वेढे देऊन अडकवा आणि हळूहळू ओढा. काट्याचा व्हिडिओ काढत राहा, म्हणजे तुटण्याच्या क्षणीचा आकडा नंतर बघता येईल. काटा नसेल तर बादली. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. बादली जमिनीपासून फक्त वीतभर वर ठेवा, मगाने पाणी वाढवत जा, आणि चेहरा लांब ठेवा. तुटलेली लाइन डोळ्यावर येऊ शकते.

ल्युअरची चाल: काठाजवळ ल्युअर चालवून मित्राला स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. थांबल्यावर नाक खाली जातंय का, लाइन कुठून पाण्यात शिरतेय, हे डोळ्यांपेक्षा व्हिडिओत स्पष्ट दिसतं. माझा पहिल्या दिवसाचा व्हिडिओ कुणी काढला असता तर काकांना बोलायची वेळच आली नसती.

रीलवर लाइन कशी भरायची?

ब्रेडेड गुळगुळीत असते. सरळ धातूच्या स्पूलवर बांधली तर पूर्ण गुंडाळाच स्पूलवर गोल फिरतो आणि तुम्हाला वाटतं रीलचा ड्रॅग बिघडला. उपाय सोपा: आधी थोडं नायलॉन भरा, त्यावर ब्रेडेड.

किती नायलॉन? समजा रीलवर '0.35 मिमी – 150 मीटर' लिहिलंय आणि तुमच्याकडे 0.25 मिमीची 100 मीटर ब्रेडेड आहे. जाडीच्या वर्गांचं गुणोत्तर काढा: 0.0625 भागिले 0.1225, म्हणजे साधारण 0.51. तुमची 100 मीटर ब्रेडेड 51 मीटर नायलॉनएवढी जागा घेईल. म्हणजे आधी 0.35 चं साधारण 100 मीटर नायलॉन भरायचं. महागडी ब्रेडेड 300 मीटर घ्यायची गरज नाही.

भरताना लाइन ओल्या फडक्यातून चिमटीत धरून ताणून भरा. ढिली भरली तर मोठा मासा ओढताना वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि पुढच्या कास्टला ल्युअर हवेतच तुटून जातो.

गाठ: लाइन बहुतेक वेळा इथेच तुटते

ल्युअरला ब्रेडेड बांधायला पॅलोमार गाठ सगळ्यात सोपी. लाइन दुहेरी करून डोळ्यातून काढा, साधी गाठ मारा, पुढचा फास ल्युअरवरून काढा आणि ओढा. ब्रेडेड आणि लीडर जोडायला डबल युनी शिका. जमली की मग एफजी.

गाठ ओढण्याआधी ओली करायलाच हवी. कोरडी गाठ ओढताना घर्षणाने उष्णता तयार होते. ब्रेडेडचं मटेरियल साधारण 145-150 अंशांना वितळतं, नायलॉन त्याहून बरंच वर, पण दोन्ही त्याआधीच कमजोर होतात. फ्लुरोकार्बन कडक असल्याने त्याची कोरडी गाठ तर हमखास दगा देते. माझी लाइन तिथेच तुटली होती.

लाइन तुटली तर टोक नीट बघा, ते कारण सांगतं:

• टोक कुरळं, डुकराच्या शेपटीसारखं: गाठ सुटली. वेढे कमी पडले किंवा नीट आवळली नाही.
• टोक एका जागी स्वच्छ कापलेलं: दगडाची धार किंवा मरळीचे दात.
• टोकाजवळ बराच भाग खरखरीत, पिंजलेला: जुनी, घासलेली लाइन. तेवढा भाग कापून टाका.

नेहमीच्या चुका

ड्रॅग गच्च आवळणं. लाइन 40 पाउंडांची असली तरी रॉड तेवढ्याचा नसतो. रॉडवर लाइनची मर्यादा लिहिलेली असते, ती बघा. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवा आणि रॉडची मर्यादा त्याहून कमी असेल तर तिच्यापर्यंतच.

अडकलेली ब्रेडेड हाताने ओढणं. ती ब्लेडसारखी बोट कापते. एखाद्या दांडक्याला पाच-सहा वेढे द्या आणि दांडकं धरून, तोंड बाजूला करून ओढा.

लाइन उन्हात ठेवणं. नायलॉन उन्हाने कमजोर होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. बाइकच्या डिकीत किंवा गच्चीवर रील ठेवू नका. तंगूस हाताला खरखरीत, पांढुरकं लागलं की बदला.

विजेच्या तारांखाली कास्ट करणं. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. पंपाच्या लाइनी काठावरून जातात, आधी वर बघा.

तुटलेली लाइन काठावर टाकणं. नायलॉन आणि ब्रेडेड वर्षानुवर्षं कुजत नाही. बगळे, पाणकावळे, गुरांचे पाय त्यात गुंततात. खिशात घालून घरी आणा, बारीक तुकडे करा आणि मग कचऱ्यात टाका.

वाचकांना पडणारे प्रश्न

रंग कोणता घ्यावा? हिरवा घ्या, वेलीत मिसळतो. नवीन असाल तर पिवळी ब्रेडेड सोपी जाते, कारण लाइन कुठे आहे हे तुम्हाला दिसतं. पुढे लीडर असला की माशाला फारसा फरक पडत नाही.

ब्रेडेड किती दिवस टिकते? रंग उडाला म्हणजे लाइन गेली असं नाही. पिंजलेली दिसायला लागली की पुढचे दोन-तीन मीटर कापा. बरीच झिजली की पूर्ण लाइन उलटी करून भरा, आतली बाजू नवीनच असते.

फ्लुरोकार्बन घरात पडलंय, काय करू? बुडणाऱ्या ल्युअरसाठी ते चांगलं आहे. पाण्याच्या तळाशी चालवायच्या सॉफ्ट बेटला, क्रँकबेटला वापरा.

मासा फ्रॉगवर आला, लगेच झटका द्यायचा का? नाही. ब्रेडेड ताणत नाही, त्यामुळे घाई केली तर फ्रॉग तोंडातून निघून येतो. पाणी उडालं की एक क्षण थांबा, लाइन ओढली गेल्याचं जाणवलं की मग द्या.

धरणावर कुणीही मासे पकडू शकतं का? आपल्याकडच्या बऱ्याच धरणांची आणि तलावांची मासेमारी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी संस्थेच्या लोकांना विचारा. टिपेश्वरसारख्या अभयारण्यात तर गळ घेऊन जाऊच नका. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर तिथे ल्युअर टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, ते चिडून लगेच हल्ला करतात. ते पकडले गेले तर पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात.

शेवटी एक

लाइनवर खर्च करायचा म्हणजे महागडी लाइन घ्यायची असं नाही. जागा बघा, ल्युअर बघा, मग मटेरियल ठरवा, मग जाडी आणि सगळ्यात शेवटी ब्रँड. लाइन चुकीची निवडली की नुकसान फक्त आपलं होत नाही. तोंडात हूक घेऊन गेलेला मासा परत आणता येत नाही. 30 पाउंडांची साधी ब्रेडेड आणि ओली करून आवळलेली एक गाठ, एवढ्यानेही तो प्रसंग बराच टळतो. पुढच्या वेळी तलावावर जाण्याआधी घरी दहा मिनिटं काढा, बादली किंवा काट्याची टेस्ट करा आणि तुमची लाइन किती किलोला तुटली ते कमेंटमध्ये लिहा.